रूफिंगचं पहिलं सप्लिमेंट करताना
सप्लिमेंट म्हणजे छताच्या विमा दाव्यात सुटलेल्या कामाचे पैसे विमा कंपनीकडे मागणं. एक्झॅक्टिमेट या एस्टिमेटच्या सॉफ्टवेअरचे बारकावे राहू द्या, ते हळूहळू येतील. आधी अ‍ॅडजस्टरचा (विमा कंपनीतर्फे नुकसान पाहणाऱ्याचा) एस्टिमेट ओळ न् ओळ वाचा आणि सुटलंय तेवढंच मागा. नवखे लोक अख्खा एस्टिमेट नव्याने लिहून पाठवतात, मग फाइल रखडते. पुष्कळदा ड्रिप एज (छताच्या कडेची धातूची पट्टी), स्टार्टर (कडेला शिंगल्सच्या पहिल्या ओळीखालची पट्टी) किंवा रिज कॅप (छताच्या माथ्यावरच्या शिंगल्स) सुटलेलं सापडतं. बिल्डिंग कोडचा (बांधकाम नियमांचा) आधार द्याल तेव्हा त्या शहराने कोणती आवृत्ती स्वीकारली आहे, ते तपासाच.

खरा जीव फोटोंत आहे. सडलेलं डेकिंग (शिंगल्सखालचा लाकडी थर) जुन्या शिंगल्स निघाल्यावरच दिसतं, आणि वर अंडरलेमेंट (पाणी अडवणारा थर) चढलं की पुरावा संपला! क्रूला आदल्या दिवशीच बजावा: एक फोटो लांबून, एक टेप लावून जवळून.

टेक्ससमध्ये असाल तर कव्हरेजवर, म्हणजे विम्यात काय बसतं यावर, वाटाघाटी करू नका. त्यासाठी पब्लिक अ‍ॅडजस्टरचा (घरमालकातर्फे दावा लढवणाऱ्याचा) परवाना लागतो. आपण फक्त काम आणि त्याची किंमत मांडायची. बिनधास्त सुरुवात करा, अडलात की विचारा.