बेसिनचा टवका उडाला तर

अरे, टवका उडाला म्हणून लगेच नवं बेसिन आणायला धावू नकोस. आधी टिचकी मारून बघ. खणखणीत वाजलं तर ठीक. बद्द वाजलं तर आत तडा गेलाय, मग भराव टिकत नाही. कमोडला तडा असेल तर सरळ बदल, त्यावर माणूस बसतो बाबा!

काळ्या रेघा बहुतेकदा ओरखडे नसतातच. स्टीलचं भांडं बेसिनला घासलं गेलं की धातू वर उतरतो. ओल्या फडक्यावर खायचा सोडा घेऊन चोळ, बऱ्याचदा निघतात.

खऱ्या टवक्यात भरायला दोन भागांचं पांढरं इपॉक्सी, म्हणजे दोन्ही भाग मिसळले की कडक होणारा भराव. माझं पहिलं काम ओलीमुळे फसलं. वरून कोरडं दिसत होतं, आठवड्यात खपली हातात आली. आता साबणाने तेलकटपणा काढतो, रात्रभर नळ बंद, सकाळी हेअर ड्रायर. भराव केसभर उंच ठेव, २४ तास हात लावू नकोस. मग ४०० आणि नंतर १००० नंबरचा वॉटर पेपर (ओला वापरायचा सँडपेपर), पाणी लावून, फक्त भरावावर. शेजारची चकाकी एकदा घासली गेली की परत येत नाही, म्हणून कडेने मास्किंग टेप लाव. आणि भरावावर लावायचा टचअपचा रंग दिवसाच्या उजेडातच जुळव. जुनं पांढरं बेसिन पांढरंशुभ्र राहिलेलं नसतं.