रियाज, रेकॉर्डिंग आणि लॅपटॉप : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी हौशी तबलावादक आहे. लॅपटॉपवर लेहरा (तालाचे आवर्तन दाखवणारी, पुन्हा पुन्हा वाजणारी धून) लावतो, तो ब्लूटूथ हेडफोनवर ऐकतो आणि स्वतःचे वादन त्याच लॅपटॉपवर रेकॉर्ड करतो. विलंबितात फारसे जाणवत नाही, पण द्रुत तीनतालाचे रेकॉर्डिंग ऐकले की तबला लेहऱ्याच्या मागे पडलेला असतो. वाजवताना तर मी समेवरच, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवरच, येत असतो. लॅपटॉप जुना आहे. नवीन घ्यावा का? — एक वाचक, सांगली

उत्तर : घेऊ नये. दोष बहुधा तुमच्या हाताचा नाही आणि लॅपटॉपचाही नाही. तो हेडफोनचा आहे. ब्लूटूथवरून जाणारा आवाज आधी आकुंचित होतो, मग तुकड्यातुकड्यांनी पाठवला जातो आणि हेडफोनमध्ये पुन्हा उलगडला जातो. या खटाटोपात साधारणपणे १०० ते २५० मिलिसेकंद जातात. चित्रपट पाहताना हे सहसा कळत नाही, कारण दाखवणारे सॉफ्टवेअर चित्रही तेवढेच मागे ठेवते. तुमच्या तबल्यासाठी मात्र लेहरा कोणी मागे ठेवत नाही. समजा, हा विलंब २०० मिलिसेकंदांचा आहे. मिनिटाला ४० मात्रांच्या लयीत एक मात्रा दीड सेकंदाची असल्यामुळे तेवढा फरक खपून जातो, परंतु मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुतात मात्राच २५० मिलिसेकंदांची असते, म्हणजे तुम्ही कानाला ऐकू आलेल्या समेवर अचूक दिलेला ‘धा’ रेकॉर्डिंगमध्ये जवळजवळ दुसऱ्या मात्रेवर जाऊन पडतो.

म्हणून पहिला खर्च वायरच्या साध्या हेडफोनचा करावा. त्यानंतरही थोडा फरक उरेल, कारण संगणक आवाज लगोलग हाताळत नाही. काही सॅम्पल (आवाजाची क्षणाक्षणाची मोजमापे) साठवून घेतो आणि मग पुढे सोडतो. या साठ्याला बफर म्हणतात. सेकंदाला ४४,१०० सॅम्पलच्या हिशोबाने २५६ सॅम्पलचा बफर सुमारे सहा मिलिसेकंदांचा होतो, आणि तेवढ्या वेळात हवेतून आवाज दोन मीटर जातो. लेहरा धरणारा साथीदार दोन मीटरवर बसला तर कोणाची तक्रार नसते, तेव्हा इतक्या विलंबाची चिंता करू नये. बफर याहून फार लहान केल्यास जुन्या लॅपटॉपवर आवाजात कडकड येऊ लागते.

उरलेला फरक मोजता येतो. हेडफोनची एक बाजू माइकला टेकवून मेट्रोनोमची टकटक रेकॉर्ड करावी आणि मूळ टकटक व रेकॉर्ड झालेली टकटक यांतील अंतर पडद्यावर पाहावे. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तो आकडा भरण्याची सोय आहे. एकदा भरला की नवे रेकॉर्डिंग आपोआप तेवढे अलीकडे, म्हणजे आधीच्या वेळेवर, सरकवले जाते. ऑडिओ इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारे उपकरण) घेण्याचा विचार यानंतर करावा, आणि तोही डग्गा व तबला यांना वेगवेगळे माइक लावायचे असतील तरच.

प्रश्न : माझी मुलगी न्यू जर्सीहून पुण्यातील गुरुजींकडे झूमवर गाणे शिकते. तिने लावलेला तानपुरा गुरुजींना काही क्षणांतच ऐकू येईनासा होतो आणि लांबवलेला षड्जही मध्येच विरतो. इंटरनेट तर वेगवान आहे. — एक पालक

उत्तर : वेगाचा येथे संबंध नाही. असे कॉल बोलण्यासाठी बनवलेले असतात, आणि पंखा किंवा एसी यांसारखा एकसारखा चालू राहणारा आवाज हा गोंगाट समजून तो पुसून टाकण्याचे काम सॉफ्टवेअर सतत करत असते. तानपुऱ्याइतका एकसारखा आवाज दुसरा कोणता असणार? झूमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ हा पर्याय आहे. तो मुलीच्या बाजूला सुरू करावा, प्रतिध्वनी दाबण्याची सोयही बंद करावी आणि शिकवणीच्या वेळी दोघांनीही हेडफोन वापरावेत, नाहीतर स्पीकरमधला आवाज फिरून माइकमध्ये जाईल.

दोघांनी एकाच वेळी गाण्याचा प्रयत्न मात्र सोडून द्यावा. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो आणि हे अंतर बारा हजार किलोमीटरांहून अधिक आहे. म्हणजे नुसत्या जाण्यायेण्यालाच १२० मिलिसेकंद लागतात आणि प्रत्यक्षात त्याहून बरेच अधिक. तानपुऱ्याला लय नसल्यामुळे तो कोणत्याही बाजूला चालेल, तरी दोघांनी आपापल्याकडे एकाच पट्टीत लावणे चांगले, म्हणजे तो आकुंचित होऊन फाटक्या आवाजात पोहोचणार नाही. ठेका मात्र गाणाऱ्याच्याच घरी वाजला पाहिजे.

प्रश्न : फोनवरच्या तानपुऱ्यावर रियाज केल्याने सुरेलपणा बिघडतो का? — एक विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : तानपुऱ्याच्या चांगल्या ॲपमुळे बिघडत नाही, फोनच्या स्पीकरमुळे नुकसान होते. काळी एकच्या (पेटीवरच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या) पुरुषी तानपुऱ्यात जोडीच्या तारा सुमारे १३९ हर्ट्झला आणि खर्ज, म्हणजे सर्वांत खालची तार, ६९ हर्ट्झला लागतो. बोटभर लांबीचा स्पीकर इतका खालचा स्वर देऊच शकत नाही, त्यामुळे कानाशी फक्त वरची झणझण येते. वायरने जोडलेला मध्यम आकाराचा स्पीकर हवा. खर्जातून आपोआप उमटणारा स्वयंभू गांधार ऐकू आला की आपला गांधार त्याच्याशी मिळवावा. ॲपमधल्या पेटीशी तो मिळवू नये, कारण समान अंतराने लावलेल्या पट्ट्यांवरचा शुद्ध गांधार या गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधील अंतराचा शंभरावा भाग) चढा असतो, आणि तशी सवय जडली की ती मोडायला फार वेळ लागतो. पेटीचे ॲप पट्टी शोधण्यापुरतेच उघडावे.

प्रश्न : रेकॉर्डिंग एमपीथ्रीमध्ये ठेवावे की वेव्हमध्ये? — एक वाचक, नाशिक

उत्तर : मूळ प्रत वेव्हमध्ये, म्हणजे आकुंचित न केलेल्या स्वरूपात, ठेवावी. सीडीच्या दर्जाचे स्टिरिओ ध्वनिमुद्रण मिनिटाला सुमारे दहा एमबी जागा घेते, म्हणजे तासाभराची बैठक साधारण सहाशे एमबीत मावते. इतरांना पाठवण्यासाठी तिची एमपीथ्री प्रत काढावी. ती लहान असते, पण आकुंचित करताना काही तपशील गाळला जातो. एमपीथ्रीचे पुन्हा वेव्ह केल्याने गेलेला तपशील परत येत नाही.