"विश्वास ठेव" म्हणतात, म्हणजे नक्की करायचं काय?

तुम्ही लिहिलंय की आई वर्षभर पॅरालिसिसने अंथरुणावर आहे, त्यातच तुमची नोकरी गेली, मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जो भेटतो तो "विश्वास ठेव" म्हणतो, पण प्रार्थनेला बसलं की भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं, मग ख्रिस्ती माणसाला संकटात बळ मिळतं ते नक्की येतं कुठून. हे वाचून मी थोडा वेळ फोन बाजूला ठेवून दिला, कारण हाच प्रश्न मी एकदा आमच्या पाळकांना विचारला होता, तुमच्यापेक्षा बऱ्याच रागाने.

माझ्या मिस्टरांच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार तास, असं पावणेतीन वर्षं चाललं. पहिले कित्येक महिने माझी प्रार्थना एकदम व्यवस्थित असायची, प्रभू तुझे आभार, तुझी इच्छा पूर्ण होवो वगैरे, आणि मग बाथरूममध्ये नळ सोडून रडायचं, म्हणजे बाहेर आवाज जायला नको. देवापुढे एक चेहरा आणि नळापुढे दुसरा. एका रात्री त्यांना अचानक धाप लागली, फुफ्फुसात पाणी झालं होतं, ॲडमिट केलं आणि मी कॉरिडॉरमध्ये बसले. तेव्हा बायबलमधलं रोज एक स्तोत्र क्रमाने वाचायचा माझा नेम होता आणि त्या दिवसाचं स्तोत्र होतं ८८वं.

तुम्ही ते वाचलंय का माहीत नाही, सहसा कोणी ते भिंतीवर लावत नाही. दुःखाची बहुतेक स्तोत्रं शेवटी कुठेतरी वळतात, रडगाणं संपता संपता "तरी मी तुझी स्तुती करीन" वर येतात, पण हे येतच नाही. तो माणूस देवाला सरळ म्हणतो की तूच मला खोल खड्ड्यात टाकलंस, तूच माझी माणसं माझ्यापासून तोडलीस, मी रोज हाक मारतो आणि तू तोंड लपवतोस. आणि ते संपतं अंधारावर. पुढे काही नाही. आणि गंमत नाही सांगत, त्याच्या मथळ्यात ते गाणाऱ्यांच्या प्रमुखासाठी असल्याचं लिहिलंय, म्हणजे ते उपासनेत सगळ्यांनी मिळून म्हणण्यासाठी होतं! मी कितीतरी वेळ तिथेच अडकले. इतकं कडू बोलणं पवित्र शास्त्रात ठेवलंय, कोणी काढून टाकलं नाही, शेवट गोड केला नाही, आणि तो माणूस एवढं सगळं बोलतोय तेही देवाशीच बोलतोय, उठून निघून गेलेला नाही.

त्या रात्री मी पहिल्यांदा खरं बोलले. मी थकलेय, मला तुझा राग आलाय, हे असं का करतोस, असंच सगळं, हळू आवाजात, कारण बाजूला दुसऱ्या पेशंटचे नातेवाईक झोपले होते. त्याने काय झालं म्हणाल तर रिपोर्टमध्ये काही फरक पडला नाही. पण मी खुर्चीतच तीन तास झोपले, जे कित्येक दिवसांत झालं नव्हतं. सकाळी उठून डॉक्टरांशी नीट बोलता आलं. माझ्या बाबतीत बळ म्हणजे तेव्हा एवढंच होतं.

म्हणून तुमच्या प्रार्थनेबद्दल मला आधी हे विचारायचंय की तुम्ही भिंतीशी जे बोलता ते खरं बोलता की शोभेल असं बोलता? प्रभू येशूने स्वतः, पकडला जायच्या आधी, गेथशेमाने बागेत तीनदा मागितलं की हा दुःखाचा प्याला माझ्यापासून टळू दे, आणि मित्रांना म्हणाला माझ्याबरोबर जागे राहा, आणि ते झोपले. आणि वधस्तंभावर तो जे ओरडला, माझ्या देवा माझ्या देवा तू माझा त्याग का केलास, ती २२व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. त्याच्या तोंडीही तेव्हा तक्रारीचंच स्तोत्र आलं. त्यामुळे तक्रार केली म्हणजे विश्वास कमी पडला असं तुम्हाला कोणी सांगितलं तर ते मनावर घेऊ नका.

मला सांगितलं होतं एकाने. घरी येऊन, मिस्टरांच्या समोर, की काहीतरी लपलेलं पाप असेल, शोधा. नाव घेत नाही, पण ते वाक्य मी दोन वर्षं उराशी बाळगून फिरले. मग योहानाच्या शुभवर्तमानाच्या ९व्या अध्यायात शिष्य तोच प्रश्न विचारताना दिसले, हा जन्मांध झाला तो कोणाच्या पापामुळे, याच्या की आईबापाच्या, आणि येशूचं उत्तर आहे की याच्याही नाही आणि आईबापाच्याही नाही. बायबलमधल्या ईयोबाचे, मुलंबाळं आणि तब्येत सगळं गमावलेल्या त्या माणसाचे, मित्र पण बघा, आले तेव्हा सात दिवस सात रात्री जमिनीवर त्याच्याजवळ नुसते बसले, एक शब्द नाही, ते फार छान होतं, मग तोंड उघडलं आणि सगळा घोळ झाला आणि शेवटी देव त्या मित्रांवर रागावला. ईयोब एवढा भांडला, पण माझ्याविषयी नीट तोच बोलला असं देव म्हणतो.

दुसरी गोष्ट रोजच्या हिशोबाची. तुम्ही लिहिलंय "पुढची वर्षं कशी काढू याचं बळ मागतोय". मी पण तेच मागायचे आणि ते कधीच मिळालं नाही. इस्राएल लोकांना रानात मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं अन्न, मिळायचा तो एका दिवसापुरता, उद्यासाठी उचलून ठेवला तर त्यात किडे पडायचे, फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट. प्रभूच्या प्रार्थनेतही रोजची भाकर आज दे असंच आहे, वर्षाची मागितलेली नाही. मी मग प्रार्थना लहान केली, आजचं डायलिसिस, आजचं बिल, आज संध्याकाळी यांच्यावर चिडायचं नाही. उद्याची भीती यायचीच, पण तिला उद्या बघू म्हणायला जमायला लागलं, रोज नाही जमलं, पण बरेचदा.

यिर्मया २९:११ तुम्हालाही दहा जणांनी पाठवलं असेल, हिताचे संकल्प, आशा आणि भविष्य वगैरे. मला ते वचन आवडतं, पण त्याच्या अगदी आधीचं वचनही वाचा, त्यात बाबेलला ७० वर्षं होतील असं आहे. हे वचन यिर्मया संदेष्ट्याच्या पत्रातलं आहे, आणि ते पत्र बाबेलला बंदिवासात नेलेल्या लोकांना होतं, घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, म्हणजे इथे बराच काळ राहायचंय. लगेच सुटका होईल असं सांगणाऱ्या संदेष्ट्यांना त्याच पत्रात खोटं म्हटलंय. मला त्यातून उलट धीर आला, की लांबलेल्या दुःखातही देव पत्ता विसरलेला नाही.

आणि शरीराकडे बघा प्लीज. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही, खायला दिलं, पाणी दिलं, झोपू दिलं, परत उठवून परत खायला दिलं. तुम्ही वर्षभर एकटे आईचं सगळं करताय, झोप पुरी नाही, त्यामुळे प्रार्थना कोरडी वाटते त्यात थोडा भाग या थकव्याचाही असणार. सतत अंधारून येत असेल, जगणं नको वाटत असेल तर डॉक्टरकडे जा, आजच कोणाला तरी सांगा. मी स्वतः आठ महिने गोळ्या घेतल्यात आणि त्याच काळात प्रार्थनाही केलीय, मला दोन्ही लागलं.

आमच्या मंडळीतल्या एक ताई दर गुरुवारी डायलिसिसला माझ्याजवळ येऊन बसायच्या. विणकाम घेऊन यायच्या, फार बोलायच्या नाहीत. मला प्रार्थना करता येत नव्हती तेव्हा त्यांनी माझ्या वतीने केली, रोमकरांस पत्रात पवित्र आत्मा आपल्यासाठी मध्यस्थी करतो असं लिहिलंय ना, मला ते त्यांच्यामुळे कळलं. तुम्हीही एक माणूस शोधा, एकच पुरे, आणि त्याला "प्रार्थना करा" इतकं मोघम सांगू नका, मंगळवारी दोन तास आईपाशी बसाल का असं विचारा.

मिस्टर बरे झाले नाहीत. हे आधी सांगितलं असतं तर कदाचित तुम्ही पुढे वाचलं नसतं. प्रेषित पौलानेही शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारं काहीतरी दुखणं, काढायला देवाला तीनदा विनंती केली, काटा राहिला आणि माझी कृपा तुला पुरे असं उत्तर मिळालं, मला पहिली दोन वर्षं ते उत्तर अपुरं वाटायचं. पंडिता रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली, पुढच्या वर्षी त्या स्वतः गेल्या, आणि त्या शेवटच्या काळातही त्या बायबलचं मराठी भाषांतर पुरं करत होत्या. त्यांना ते कसं जमलं असेल याचा मी खूपदा विचार करते. मिस्टर गेले त्यानंतर मला सगळ्यात जास्त साथ दिली ती योहान ११ मधल्या "येशू रडला" या दोन शब्दांनी. मेलेल्या लाजराला तो थोड्याच वेळात उठवणार होता, त्याला ते माहीत होतं, तरी लाजराच्या बहिणीला, मरीयेला, रडताना बघून तो आधी रडला. पुनरुत्थानाची आशा मला आहे, पक्की आहे, आणि तरी मी रडते, आणि मला आता त्यासाठी नळ सोडावा लागत नाही.

आज रात्री आई झोपली की १३वं स्तोत्र काढा, जेमतेम सहा वचनांचं आहे, पहिल्या दोन वचनांत चार वेळा "कुठवर" असं विचारलंय. मोठ्याने वाचा आणि पाचवं "कुठवर" तुमचं स्वतःचं घाला. शेवटच्या दोन वचनांपर्यंत मन पोचलं नाही तर तिथेच थांबा, उद्या परत तिथून. मी पहाटे पाचला प्रार्थनेला बसते, उद्यापासून तुम्ही आणि आई त्यात आहात, आणि मंगळवारी कोण येतंय ते मला इथे नक्की कळवा.