आधी पार्किंगमधला प्लग बघा, मग इलेक्ट्रिक गाडी

घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये राहताय, तर बुकिंगआधी सोसायटीची परवानगी आणि स्वतःच्या मीटरपासून पार्किंगपर्यंत वायर टाकण्याचा खर्च विचारा. १६ अँपिअरच्या प्लगला तांब्याची ४ चौरस मिलिमीटर वायर, वेगळा एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच) आणि आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावा. अर्थिंग कच्चं असेल तर चार्जर सुरूच होत नाही. न्यूट्रल आणि अर्थच्या तारांमधला व्होल्टेज २-३ व्होल्टच्या वर नको. अशा प्लगवर ३० युनिटची बॅटरी साधारण १० तासांत भरते.

प्रदूषणाचं म्हणाल, तर आपली वीज बहुतांश कोळशाचीच. युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, युनिटला ७ किमी धरले तर किमीला १०० ग्रॅम. लिटरला १५ किमी देणारी पेट्रोल गाडी किमीला दीडशे ग्रॅम सोडते. फरक आहे, पण विजेच्या गाडीचं प्रदूषण शून्य नाही (जाहिरातीत काहीही सांगोत). रोज दहा-बाराच किमी फिरणार असाल, तर जादा किंमत वसूल होणं कठीण. त्यापेक्षा लोकलचा पास काढा.