नाडी लागत नाही, जीभ दिसते

प्रश्न : मी बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची डॉक्टर. इंटर्नशिप संपून दोन वर्षं झाली. बाळ लहान आहे, दवाखाना थाटणं इतक्यात जमणार नाही. व्हिडिओ कॉलवर रुग्ण बघावेत असं मनात आहे. पण सासरे म्हणतात, नाडी न बघता औषध देणं ही फसवणूक. तुम्हाला काय वाटतं?

उत्तर : सासऱ्यांचं अर्धं बरोबर आहे. दर्शन, स्पर्शन, प्रश्न या आपल्या तपासणीच्या तीन पद्धती, यातलं स्पर्शन स्क्रीनवर गेलंच. पोट दाबून बघता येत नाही, सुजेवर बोट दाबलं तर खड्डा पडतो का, कळत नाही. अशा रुग्णांना मी सरळ जवळच्या डॉक्टरांकडे पाठवते. छातीत जळजळतंय म्हणणाऱ्या एकाच्या कपाळावर घाम दिसला. औषध न देता त्याला ईसीजी काढायला पिटाळलं. ईसीजी चांगला आला, म्हणून त्याने फी परत मागितली. दिली!

प्रश्न मात्र निवांत विचारता येतात. जिभेचा फोटो सकाळी, दात घासण्याआधी, खिडकीपाशी काढायला सांगा. पिवळ्या बल्बखाली सगळ्यांचीच जीभ साम, म्हणजे थर बसलेली दिसते.

माझी फजिती सांगते. एका बाईंना लिहून दिलं, ‘त्रिफळा चूर्ण एक चमचा, रात्री कोमट पाण्यातून.’ त्यांनी जेवणाचा मोठा चमचा शीग लावून घेतला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सहा वेळा! तेव्हापासून मात्रा ग्रॅममध्ये लिहिते आणि घरातला चमचा कॅमेऱ्यापुढे धरायला लावते. बचनाग ही विषारी वनस्पती असलेली त्रिभुवनकीर्तीसारखी औषधं तर प्रत्यक्ष न पाहिलेल्या रुग्णाला देतच नाही.

आयुर्वेदासाठी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं २०२० मध्येच आली आहेत, ती वाचून घ्या. वैद्यक परिषदेचा तुमचा नोंदणी क्रमांक प्रत्येक चिठ्ठीवर हवा. रुग्णाचं नाव, वय, पत्ता आधी विचारा, कॉलची टिपणं जपून ठेवा. जाहिरातीत ‘मधुमेह मुळापासून बरा’ वगैरे लिहायचा मोह होईल. औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या १९५४च्या कायद्याने तो गुन्हा आहे.

रात्री अकराला ‘ताई, फक्त एकच विचारायचं होतं’ असे मेसेज येतील. वेळ ठरवा, नाहीतर बाळाच्या झोपेबरोबर तुमचीही जाईल.

आणि कॉल चालू असताना खोलीचं दार लावून घ्या. सासरेही आत नकोत. पलीकडची बाई पाळीबद्दल बोलत असते.