एकच गाडी, आणि तीही हॉट हॅच : रोजच्या वापरातला नऊ वर्षांचा अनुभव

तुमचा प्रश्न मी असा समजतो : घरात एकच गाडी असणार आहे, रोज जाऊन-येऊन सुमारे ५० किलोमीटरचा प्रवास आहे, त्यातला निम्मा रस्ता गर्दीचा आहे, मागच्या सीटवर एक लहान मूल आणि अधूनमधून आईवडील बसणार आहेत. अशा वेळी साध्या हॅचबॅकऐवजी तिचीच जास्त ताकदीची, स्पोर्टी आवृत्ती, म्हणजेच हॉट हॅच, घ्यावी का, मॅन्युअल घ्यावी की ऑटोमॅटिक, आणि वर्षभरात तिचा कंटाळा तर येणार नाही ना? गेली नऊ वर्षे मी अशाच दोन गाड्या एकामागून एक वापरल्या आहेत. दोन्हींचे मिळून १,३०,००० किलोमीटरच्या वर अंतर झाले आहे आणि या काळात घरात दुसरी गाडी नव्हती. त्या गाड्यांची नावे मुद्दाम देत नाही, कारण नाव आले की चर्चा त्या कंपनीवर घसरते आणि मूळ प्रश्न बाजूला राहतो.

माझे उत्तर ‘घ्या’ असे आहे, मात्र निवड करताना गाडी शंभरचा वेग किती सेकंदांत गाठते याला फार महत्त्व देऊ नका. ताशी ३० किलोमीटरच्या वेगात, खराब रस्त्यावर आणि भरलेल्या गाडीनिशी ती कशी वागते, हे आधी पाहा, कारण तुमच्या आठवड्यातले बहुतेक तास तिथेच जाणार आहेत.

या प्रकारच्या गाडीचा जन्मच मुळात रोजच्या वापराच्या कल्पनेतून झाला. फोक्सवॅगनने १९७५ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात गोल्फ जीटीआय दाखवली आणि १९७६ मध्ये ती विक्रीला आणली, तेव्हा तिच्यात १.६ लिटरचे ११० अश्वशक्तीचे इंजिन होते आणि वजन ८०० किलोच्या आसपास होते. सुरुवातीला फक्त ५,००० गाड्या बनवण्याचा बेत होता, प्रत्यक्षात पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून अधिक खपल्या. आठवडाभर कामावर नेणारी आणि रविवारी वळणाच्या रस्त्यावर आनंद देणारी एकच गाडी लोकांना हवी होती, हे त्यातून दिसले. आज त्याच नावाच्या गाडीचे वजन १,४०० किलोच्या पुढे गेले आहे आणि या वर्गाच्या वरच्या टोकाला मर्सिडीज-एएमजी ए ४५ एस दोन लिटरच्या इंजिनातून ४२१ अश्वशक्ती काढते. एवढे वजन आणि एवढी ताकद वळणावर सांभाळायची म्हणजे स्प्रिंगा कडक, टायर रुंद आणि रिम मोठ्या करणे ओघाने आले. रोजच्या वापरातला खरा त्रास याच तिघांपासून सुरू होतो, इंजिनापासून क्वचितच होतो.

टायरचे गणित एकदा कागदावर मांडून पाहा. २२५/४५ आर १७ या मापात (टायरची रुंदी २२५ मिलिमीटर, रिम १७ इंची) टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ४५ टक्के, म्हणजे सुमारे १०१ मिलिमीटर असते. २२५/४० आर १८ मध्ये ती ९० मिलिमीटर होते आणि २३५/३५ आर १९ मध्ये ८२ मिलिमीटरवर येते. चाकाचा एकूण व्यास तिन्ही मापांत जवळपास सारखाच असतो, फक्त रबर आणि हवेची जागा धातू घेतो. खड्ड्याची कड रिमपर्यंत पोहोचू न देण्याचे काम ही भिंत आणि तिच्यातली हवा करते, त्यामुळे १७ आणि १९ इंचांतला तो १९ मिलिमीटरचा फरक शोरूममध्ये जितका नगण्य वाटतो तितका रस्त्यावर वाटत नाही. माझी पहिली गाडी १९ इंची चाकांवर आली होती. चौदा महिन्यांत दोन रिम वाकल्या आणि एका टायरच्या भिंतीला फुगा आला. असा फुगा म्हणजे आतले धागे तुटलेले असतात, त्यामुळे तो टायर दुरुस्त होत नाही, टाकूनच द्यावा लागतो. हौसेला मोल नसते हे खरे, पण टायरला असते.

शेवटी मी १८ इंचांवर आलो. १७ इंचांचा प्रयत्नही केला होता, पण पुढच्या मोठ्या ब्रेकचे कॅलिपर (ब्रेकची डिस्क पकडणारे भाग) रिमला घासत होते, म्हणून तो बेत सोडावा लागला. तुम्ही गाडी घेताना आवृत्त्यांची यादी नीट पाहा. कंपनी स्वतःच लहान चाकांचा पर्याय देत असेल, तर दिसण्याचा मोह टाळून तोच घ्या. नंतर बदलायचे ठरवल्यास ब्रेकला पुरेशी जागा आहे का, टायरची भारक्षमता मूळ टायरइतकी आहे का आणि एकूण व्यास जुळतो का, या तिन्ही गोष्टी आधी तपासून घ्या. शिवाय दर पंधरा दिवसांनी टायर थंड असताना हवा तपासण्याची सवय लावून घ्या, कारण भिंत जितकी बुटकी तितकी कमी हवा महागात पडते. अशा अनेक गाड्यांत स्टेपनी नसते, नुसते पंक्चर भरण्याचे द्रव आणि पंप असतो, आणि भिंत फाटली तर त्याचा काही उपयोग होत नाही.

सस्पेन्शनबद्दल एक बारकावा विक्रेते सहसा सांगत नाहीत. बटण दाबून मऊ-कडक होणारे डँपर (शॉक ॲब्सॉर्बर) फार उपयोगी आहेत आणि दोन आवृत्त्यांत जास्त अश्वशक्ती किंवा असे डँपर यांपैकी एकच निवडायचे असेल, तर मी डोळे झाकून डँपर घेईन. मात्र ते बटण फक्त डँपर बदलते, स्प्रिंग आणि अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी, वळणावर गाडीचे कलणे कमी करणारी दांडी) जसेच्या तसे राहतात. एकाच बाजूचे चाक खड्ड्यात गेले की जाड अँटी-रोल बार तो धक्का दुसऱ्या बाजूलाही पोहोचवतो आणि आत बसलेल्यांची डोकी डावीकडून उजवीकडे झटके खातात. चालवणाऱ्याला स्टेअरिंगचा आधार असतो, त्यामुळे हे त्याच्या लक्षात येत नाही. मागे बसलेल्या वयस्कर माणसाला मात्र ते लगेच जाणवते. माझे वडील पहिल्या गाडीत दोनदा बसले आणि तिसऱ्या वेळी रिक्षाने गेले. दुसरी गाडी निवडताना मी त्यांना मागे बसवूनच चालवून पाहिली.

आता गिअरबॉक्स. मॅन्युअल गाडीत तुम्ही क्लच किती जड आहे एवढेच पाहाल, पण तो कुठे पकडतो हेही तितकेच महत्त्वाचे आहे. पेडलच्या अगदी वरच्या टोकाला पकडणारा क्लच अर्ध्या तासाच्या कोंडीत गुडघ्याला थकवतो. ऑटोमॅटिकमधल्या ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचच्या, गिअरबॉक्समध्ये कोरड्या आणि तेलात बुडालेल्या क्लचचे असे दोन प्रकार असतात. जास्त टॉर्कच्या (चाके फिरवणाऱ्या जोराच्या) गाड्यांत बहुधा दुसरा प्रकार असतो आणि गर्दीतली उष्णता तो अधिक चांगली सहन करतो, पण त्याचे तेल ठरावीक अंतरावर बदलावेच लागते. फोक्सवॅगनच्या सहा गिअरच्या अशा गिअरबॉक्ससाठी (कंपनी त्याला डीएसजी म्हणते) हे अंतर ६०,००० किलोमीटर आहे. जुनी गाडी घेताना हे तेल बदलल्याची नोंद हमखास मागा. दोन्ही प्रकारांत हातभर सरकून थांबणे टाळावे. पुढच्या गाडीमागे थोडी जागा होऊ द्यावी, मग एकदाच पुढे जावे, आणि चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून न धरता ब्रेक वापरावा. तुमच्या ५० किलोमीटरपैकी निम्मे गर्दीत जात असतील, तर मी ऑटोमॅटिककडे झुकेन. मी स्वतः मात्र दोन्ही वेळा मॅन्युअल घेतली आणि त्याचे समर्थन करायच्या फंदात मी पडणार नाही.

इंजिनाबाबत एक सुखद गोष्ट अशी की आजच्या टर्बो हॉट हॅच गर्दीत जुन्यांपेक्षा कितीतरी सोप्या झाल्या आहेत. होंडाच्या १९९७ सालच्या सिव्हिक टाइप आरचे १.६ लिटरचे इंजिन आपली १८५ अश्वशक्ती मिनिटाला ८,२०० फेऱ्यांवर देत असे, म्हणजे त्याचा खरा आनंद घ्यायला रिकामा रस्ता हवा. आठव्या पिढीची गोल्फ जीटीआय ३७० न्यूटन मीटरचा टॉर्क १,६०० फेऱ्यांपासूनच देऊ लागते, त्यामुळे गिअर न बदलता गर्दीबरोबर वाहत राहता येते.

या सोयीची एक बाजू मात्र सांभाळावी लागते. डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनात वरच्या गिअरमध्ये, फार कमी फेऱ्यांवर ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबल्यास ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो आणि त्याने पिस्टनचे नुकसान होऊ शकते. अशा वेळी एक गिअर खाली यावे. इंजिन ऑइल निवडताना एपीआय एसपी (डब्यावर छापलेला तेलाचा दर्जा) दर्जाचे किंवा निर्मात्याने सांगितलेल्या त्याहून काटेकोर मानकाचे घ्यावे, कारण एसपी दर्जात या दोषाची चाचणी अंतर्भूत आहे. अशा इंजिनात इंधन थेट सिलिंडरमध्ये जात असल्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह (हवा आत घेणाऱ्या झडपा) धुतले जात नाहीत आणि काही वर्षांत त्यांवर काजळी साचते. खूप किलोमीटर झाल्यावर गाडी थंड असताना अडखळू लागली, तर हे कारण आधी तपासून घ्यावे. सकाळी निघताना पाण्याच्या तापमानाचा काटा मधोमध आला म्हणजे इंजिन तयार झाले, असेही समजू नका. तेल तापायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. मी पहिली पंधरा मिनिटे गाडी शांतपणे चालवतो आणि कंपनीने सांगितलेल्या अंतराच्या सुमारे निम्म्यावर तेल बदलतो. नऊ वर्षांत इंजिनाच्या आतले एकही काम निघालेले नाही. इंधनाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही : माझ्या दोन लिटरच्या गाडीला गर्दीत लिटरमागे ९ आणि मोकळ्या रस्त्यावर १४ किलोमीटरचे ॲव्हरेज मिळते.

फक्त पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत जोरात ॲक्सिलरेटर दाबला की स्टेअरिंग एका बाजूला ओढ घेते, त्याला टॉर्क स्टिअर म्हणतात. दोन्ही बाजूंच्या ड्राइव्हशाफ्टची (चाकांना ताकद पोहोचवणाऱ्या दांड्यांची) लांबी असमान असणे हे त्याचे एक कारण आहे आणि पुढच्या चाकांच्या भूमितीचाही त्यात वाटा असतो. फोर्डने २००९ च्या फोकस आरएसमध्ये आणि होंडाने २०१७ च्या ३२० अश्वशक्तीच्या टाइप आरमध्ये पुढच्या सस्पेन्शनची रचनाच वेगळी केली, ती याच कारणासाठी. रोजच्या वापरात ही गोष्ट ओल्या रस्त्यावर, दुसऱ्या गिअरमध्ये, वळणातून बाहेर पडताना सर्वांत जास्त जाणवते. तिथे पाय जरा उशिरा दाबायचा, एवढाच त्यावर उपाय. पुढचे टायरही मागच्यांच्या मानाने लवकर झिजतात.

लहान मुलामुळे पाच दारांची अट सोडू नका. टोयोटाची जीआर यारिस ही अलीकडच्या काळातली माझी सर्वांत आवडती गाडी आहे, पण तीन दारांच्या गाडीत रोज वाकून मुलाला चाइल्ड सीटमध्ये बसवणे पाठीला परवडणारे नाही. पुढच्या सीटची पाठ आणि हेडरेस्ट एकसंध असेल, तर मागे बसलेल्या मुलाला समोर फक्त काळी भिंत दिसते. ज्यांना गाडी लागते अशा मुलांना त्याचा त्रास होतो.

कंटाळ्याविषयी प्रामाणिकपणे सांगायचे तर मला दोन गोष्टींचा कंटाळा आला. एक म्हणजे महामार्गावर ठरावीक वेगाला सतत घुमणारा एक्झॉस्टचा आवाज. पहिल्या महिन्यात मी तोच ऐकायला काचा खाली करत असे. दुसरी गोष्ट म्हणजे दिवसातून दहा वेळा चढता-उतरताना मांडीला लागणारी सीटची उंच कड. गाडी चालवण्याचा कंटाळा आला नाही. घराकडे वळणारा शेवटचा लांब वळसा मी अजूनही तिसऱ्याऐवजी दुसऱ्या गिअरमध्ये घेतो.

चाचणी विक्रेत्याच्या ठरलेल्या गुळगुळीत रस्त्यावर घेऊ नका. तुमच्या आठवड्यातला सर्वांत वाईट रस्ता, सर्वांत उंच गतिरोधक आणि पार्किंगचा सर्वांत तीव्र उतार निवडा. चाइल्ड सीट सोबत नेऊन ती बसवून पाहा, आईवडिलांना मागे बसवा आणि पहिला अर्धा तास ताशी ४० च्या वर जाऊ नका. वापरलेली गाडी असेल, तर चाकांच्या आतल्या कडा टॉर्च लावून पाहा. टायरवरचा चार आकडी कोडही वाचा. २३२१ असे छापले असेल, तर तो टायर २०२१ सालच्या २३ व्या आठवड्यातला आहे. चारही टायर वेगवेगळ्या कंपन्यांचे निघाले किंवा इंजिनाची ताकद वाढवण्यासाठी संगणकाची जुळणी बदलल्याची शंका आली, तर गाडी कितीही चमकत असली तरी मी परत फिरेन.