अमेरिकेतले कट्टर ख्रिस्ती लोक कुटुंब आणि नीतीच्या गोष्टी करतात आणि मत मात्र ट्रम्पना देतात. हे ढोंग नाही का?

नाही. त्यांचं चुकतं, पण ते ढोंगी नाहीत. मी त्यांच्यातच राहते. मूळची नगरची, मिशनच्या शाळेत शिकलेली, पेशानं नर्स, २००४पासून टेक्सासमध्ये डॅलसजवळ. आमची मंडळी, म्हणजे आमच्या चर्चचे सभासद, सदर्न बॅप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाची, बहुतेक गोरी, आणि मतदानाला बहुतेक रिपब्लिकन. दर बुधवारी संध्याकाळी या लोकांबरोबर मी चर्चच्या हॉलमध्ये जेवते आणि मग प्रार्थनेला बसते.

प्रश्न झोंबला, कारण हाच 'ढोंगी' शब्द माझा थोरला भाऊ कित्येक वर्षं फोनवर ऐकवतोय. म्हणून आधी घरचं सांगते. मुलीला विचारून लिहितेय.

२०१४च्या नोव्हेंबरात माझी मुलगी थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत घरी आली. एकोणीस वर्षांची, कॉलेजचं दुसरं वर्ष. दिवस गेलेत म्हणाली. त्या मुलानं फोन उचलणं बंद केलं होतं. रात्रभर मी स्वयंपाकघरात बसून काढली आणि सकाळी दादाला फोन लावला. अण्णा गेल्यापासून घरात मोठा तोच. तो नगरला चर्चचा कारभार बघणाऱ्या पास्टोरेट कमिटीवर आहे, रविवारी उपासनेत शास्त्रपाठ वाचतो. तो म्हणाला, "तिकडे सोय असते ना? मग उरकून टाक. इथे कुणाच्या कानावर जाता कामा नये. माझ्या पोरींची लग्नं व्हायचीयत." पोरगी कशी आहे, हे त्यानं विचारलंच नाही.

चर्चची मला त्याहून जास्त धास्ती होती. लग्नापर्यंत शुद्ध राहीन, असं 'ट्रू लव्ह वेट्स'चं कार्ड माझ्या लेकीनं तेराव्या वर्षी सही करून सगळ्यांसमोर दिलं होतं. ही मोहीम १९९३ साली सदर्न बॅप्टिस्टांनीच सुरू केली. आता ही माणसं आम्हाला दारात उभं करणार नाहीत, असं मी धरून चालले होते.

पाळकांची, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंची, बायको घरी आली. हे पाप आहे, असं तिनं मुलीला तोंडावर सांगितलं, जराही आडपडदा न ठेवता. मग तिचा हात धरून विचारलं, "तारीख कधीची आहे?" एप्रिलमध्ये चर्चच्या हॉलमध्ये बेबी शॉवर झाला. चाळीसेक बायका आल्या होत्या. पाळणा, दुपटी, डायपरचे खोके, सगळं त्यांनी आणलं. जूनमध्ये नातू झाला. माझी रात्रपाळी असायची, म्हणून मंडळीतल्या एक विधवा आजी, वय अडुसष्ट, आठवड्यातून तीन रात्री आमच्याकडे झोपायला येत. बाळ रडलं की त्या उठायच्या, म्हणजे मुलीला झोप मिळावी. असं सात महिने. त्यांच्या जोरावर माझी लेक पुन्हा शिकायला लागली.

त्याच आजींच्या गाडीवर २०१६ साली ट्रम्प यांचं स्टिकर होतं.

आता तुमचा प्रश्न. या लोकांच्या मनात पोटातलं मूल सगळ्याच्या वर आहे. हे कायमचं असंच होतं असं नाही. १९७१ साली सेंट लुईसच्या अधिवेशनात सदर्न बॅप्टिस्टांनीच बलात्कार, गर्भातलं गंभीर व्यंग, आईचं स्वास्थ्य अशा कारणांसाठी गर्भपाताला मुभा असावी, असा ठराव केला होता. १९७३ला देशभर गर्भपाताचा हक्क देणारा सर्वोच्च न्यायालयाचा 'रो विरुद्ध वेड' निकाल आला, १९७९ला जेरी फॉलवेल या बॅप्टिस्ट पाळकांनी 'मॉरल मेजॉरिटी' ही राजकीय संघटना काढली, आणि १९८०ला यांच्यातल्या कितीतरी जणांनी संडे स्कूल शिकवणाऱ्या बॅप्टिस्ट राष्ट्राध्यक्ष कार्टरना सोडून घटस्फोटित रेगनना मत दिलं. माणूस कसा आहे यापेक्षा तो न्यायाधीश कोण नेमेल, हा हिशेब तेव्हापासूनचा. ट्रम्प यांनी सर्वोच्च न्यायालयात तीन न्यायाधीश नेमले आणि २४ जून २०२२ला 'रो' रद्द झाला. म्हणजे त्यांच्या दृष्टीनं दिलेला शब्द पाळला गेला. गोऱ्या इव्हँजेलिकलांपैकी, म्हणजे आमच्यासारख्या कट्टर प्रोटेस्टंटांपैकी, सुमारे ८० टक्के मतं ट्रम्प यांना का जातात, याचं मोठं कारण मला हेच दिसतं.

मला हे मान्य नाही, आणि ते मी त्यांच्या तोंडावर सांगितलंय. ऑक्टोबर २०१६मध्ये ट्रम्प यांची बायकांबद्दलची ती घाणेरडी टेप बाहेर आली. पुढच्या बुधवारी जेवणाच्या टेबलावर एक डीकन, म्हणजे चर्चचे पदाधिकारी, म्हणाले, आपण काही पाळक निवडत नाही आहोत. मी १९९८चा ठराव छापून नेला होता, तिथेच वाचला. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या अनैतिक संबंधांच्या प्रकरणाच्या वेळी याच सदर्न बॅप्टिस्टांनी लिहिलंय की नेत्यांचे गंभीर अपराध खपवून घेतले तर समाजाची सदसद्विवेकबुद्धी बधिर होते. कुणी बोलेना. शेवटी त्या आजी म्हणाल्या, "मी तुझ्या नातवासाठी मत देतेय."

तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आज देते. माझा नातू जन्मला तेव्हा 'रो' लागूच होता. त्याला कुठल्या न्यायाधीशानं वाचवलं नाही. त्या सात महिन्यांच्या रात्रींनी आणि त्या बेबी शॉवरनं वाचवलं. मदर्स डे ते फादर्स डे आमच्या चर्चमधलं प्रत्येक घर दुधाची रिकामी बाटली नेऊन चिल्लरनं भरतं, आणि ते पैसे गरोदर मुलींच्या केंद्राला जातात. पण मेडिकेड हा गरिबांसाठीचा सरकारी आरोग्यविमा वाढवायची सोय २०१०च्या कायद्यानं दिली, ती टेक्सासनं आजवर घेतली नाही, आणि त्याबद्दल बुधवारच्या प्रार्थनेत मी एक शब्द ऐकलेला नाही. राग येतो तो याचा. २०१६ला राष्ट्राध्यक्षाचा रकाना मी कोरा सोडला.

हेही सांगायला हवं की मी एका मंडळीचं सांगतेय. काळ्या लोकांच्या चर्चमध्ये विश्वास बराचसा असाच, पण मतं बहुतेक डेमोक्रॅटिक पक्षाला. सगळ्या मुलींना आमच्यासारखं वागवतात असंही नाही. दुसऱ्या गावात एकीला व्यासपीठावर उभं करून माफी मागायला लावलेलं मला माहीत आहे. आणि गर्भपात मला स्वतःला चूक वाटतो, तरी आताच्या टेक्सासच्या कायद्यानं गर्भ वाया जात असलेल्या बाईवर उपचार करताना डॉक्टरला वकील आठवावा लागतो, हे नर्स म्हणून मला सहन होत नाही.

दादाचं म्हणणं, आपल्याला १८३१पासून नगरला शाळा देणारं अमेरिकन मिशन कुठे आणि तुझे बॅप्टिस्ट कुठे. मिस फॅरार यांचं नाव तो नेहमी काढतो. काढावं, त्यांनी नगरला मुली शिकवल्या. त्या मिशनचे वारस आज युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट या अमेरिकन प्रोटेस्टंट पंथात आहेत आणि त्यांनी २००५ साली समलिंगी विवाहाला पाठिंबा दिला, हे सांगितलं की तो विषय बदलतो.

तुम्हाला खरंच समजून घ्यायचं असेल तर मतदानाचे आकडे नंतर बघा, आधी यांच्या एखाद्या बुधवारच्या जेवणाला जा. आणि दादा, तू वाचत असशील तर: माझ्या नातवाला यंदा अकरावं लागलं. तू पाठवलेलं मराठी शास्त्र, म्हणजे बायबल, तो अडखळत वाचतो. घरात तुझा फोटो आहे, म्हणून तुझा चेहरा ओळखतो. तू मात्र त्याचं नाव अजून एकदाही घेतलेलं नाहीस.